तुटक रेघेपुढचा खेळ

ज्युरीच्या खोलीतला चहा अजून वाफाळत होता आणि पाचही परीक्षक चाळीस तास खेळून दमले होते.

कुणी मान मोडत होतं, कुणी अंगठे चोळत होतं. यशोधन रेग्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा सुस्कारा टाकून ते खुर्चीत मागे टेकले. शिरपट्टे कपाळावर चढल्यापासून उतरेपर्यंत बरोबर सात मिनिटं गेली होती. भिंतीपाशी उभ्या असलेल्या शलाका दुधगावकरने ती घड्याळावर मोजली होती, कारण मोजणं हेच तिचं काम होतं.

"तो नावाडी," रेगे म्हणाले, "शेवटची नाव पाण्यात सोडतो आणि स्वतः काठावर राहतो. काय जागा आहे."

"काठावर कुठे राहतो?" शेजारच्या मंजिरी पाळंदे म्हणाल्या. "तोच तर बुडतो. मला रडू आलं ते त्याचंच."

"बुडत नाही हो. पूल जळतो आणि तो पलीकडे एकटा उरतो," तिसरा परीक्षक म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग रेगे हसले. "म्हणजे शेवट अनेक आहेत. ज्याच्या त्याच्या निवडीप्रमाणे. मोठ्या गेमचं लक्षणच आहे ते."

हे सगळ्यांना पटलं. कोपऱ्यातल्या परीक्षकाने तोंडावर हात धरून बारीकशी ढेकर दिली. शिरपट्ट्याखाली कपाळाला जो लेप लावत त्याचा गोडसर, शिळ्या गुलकंदासारखा वास खोलीत भरला होता. गेले तीन दिवस शलाका तो वास घेत होती आणि आता तिला डबा उघडायचीही इच्छा होत नव्हती. न जेवता ढेकर देणारी माणसं बघून भूक मरते, हे तिला नव्यानेच कळलं होतं.

'पटांगण' हे चाकणजवळ भरणारं तीन दिवसांचं प्रदर्शन. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत येणारे व्हिडिओ गेम तिथे दाखवत, आणि शेवटच्या संध्याकाळी 'उद्याचा खेळ' हा पुरस्कार देत. अजून बाजारात न आलेल्या सर्वोत्कृष्ट गेमला. पूर्वी परीक्षक दोन मिनिटांची फीत बघून किंवा वीस मिनिटांचा नमुना खेळून तो देत. लोकांनी त्याची इतकी टिंगल केली की आयोजकांना नियम करावा लागला: ज्युरीतल्या प्रत्येकाने गेम पूर्ण खेळल्याशिवाय पुरस्कार नाही. नियम चांगला होता. पण दिवस तीन, गेम बावन्न आणि एकेक गेम चाळीस तासांचा. मग आला अनुभवठसा.

ठशामागचं तत्त्व शलाकाला पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुंदर वाटलं होतं. चाळीस तास खेळलेल्या माणसाकडे चाळीस तासांची आठवण नसते. काही दृश्यं उरतात, मनाचे काही चढउतार, बोटांतला थकवा आणि 'हे मी केलं' अशी एक खात्री. सगळं मिळून पाच-सात मिनिटांचा ऐवज. चाचणी-खेळाडू गेम खेळत असताना त्यांच्या मेंदूतली 'ओढ' मिनिटागणिक मोजायची, तिची सरासरी काढायची आणि ती शिरपट्ट्यातून दुसऱ्याच्या डोक्यात उमटवायची. त्या माणसाला पुढे आठवतं ते खेळल्याचंच. ठसा म्हणजे फळ न खाता मिळालेली चव, असं कंपन्यांच्या पत्रकात लिहिलेलं असे.

शलाकाने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं आणि 'पटांगण'च्या साक्षांकन विभागात तिचं हे पहिलंच वर्ष. विजेत्या गेमच्या प्रमाणपत्रावर एक ओळ छापलेली असे: 'ज्युरीने हा गेम संपूर्ण खेळला आहे.' तिच्याखाली साक्षांककाची सही. साक्षांककाने स्वतः कधीही ठसा घ्यायचा नाही, ही एकच अट. आणि एक अधिकार: कुठल्याही ठशाची कच्ची रीडिंगं मागायचा. पाच वर्षांत तो कुणी वापरला नव्हता. शलाकाने पहिल्याच सकाळी बावन्नच्या बावन्न गेमची रीडिंगं मागितली, तेव्हा कार्यालयातला माणूस म्हणाला, "सगळ्यांची? कशाला हो? बघतं कोण?"

"मी बघते."

"बघा बुवा. नवीन आहात."

एक्कावन्न गेमची रीडिंगं दुसऱ्या दिवशीपर्यंत आली. त्यांतही एक सोडून सगळ्यांत कुठे ना कुठे न मोजता अंदाजाने पुढे नेलेली तुटक रेघ होतीच, पण निदान त्यांनी ती तुटक म्हणून दाखवली होती. 'महाशंख स्टुडिओ'च्या 'नवखंड'ची तेवढी अडली. 'नवखंड' म्हणजे तोच नावाड्याचा गेम. गेली दोन वर्षं पुरस्कार त्यालाच मिळाला होता आणि गेली दोन वर्षं तो 'पुढच्या वर्षी' येणार होता. त्याची फाइल तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आली. शलाकाने ती नोंदणीच्या टेबलावर उघडली. दोन हजार चारशे रीडिंगं होती. चाळीस तासांच्या दर मिनिटाला एक.

पहिली अकरा रीडिंगं वेडीवाकडी होती. तिसऱ्या मिनिटाला ओढ एकदम खाली गेली होती. बहुधा खेळाडूला बटण सापडलं नसेल. सातव्या मिनिटाला उसळली होती. बाराव्या मिनिटापासून मात्र रेघ सुरेख वर चढत गेली, मधे दमली, पुन्हा चढली आणि शेवटाला शिखरावर पोचली. बिंदू रेघेवर तंतोतंत नव्हते, थोडे इकडे-तिकडे होते. असायलाच हवेत.

ती पुढे जाणार होती. पण त्या बिंदूंमधलं काहीतरी तिच्या ओळखीचं होतं. तिने प्रत्येक बिंदू रेघेपासून किती हटला आहे ते काढलं आणि आकडे एकाखाली एक मांडले. वर, खाली, वर, खाली, वर, खाली. सम मिनिटाला अधिक, विषम मिनिटाला उणे. दोन हजार तीनशे एकोणनव्वद वेळा.

शलाकाच्या तोंडून हसू फुटलं.

असली रीडिंगं तिने स्वतः लिहिली होती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी लोलकाचा प्रयोग त्यांच्या गटाने लावलाच नव्हता. तास संपला होता आणि जर्नल दुसऱ्या दिवशी तपासायला द्यायचं होतं. मग उत्तरावरून उलटं गणित करून त्यांनी रीडिंगं बसवली. सरळ रेघेवर बिंदू दिले की सरांना संशय येतो, हे सीनियर मुलांनी सांगून ठेवलेलं होतं. म्हणून एक बिंदू रेघेच्या जरा वर, दुसरा जरा खाली. सगळा वर्ग तसंच करायचा. तिला दहापैकी नऊ मिळाले होते. खऱ्या रीडिंगांत कधी सलग पाच बिंदू वर जातात, कधी सहा खाली, हे तिला पुढे दोन वर्षांनी कळलं, जेव्हा तिने पहिल्यांदा एक प्रयोग खरोखर केला. 'महाशंख'मधल्या ज्या कुणी हे केलं होतं, तो तशाच एखाद्या प्रयोगशाळेतून आला होता आणि त्याच्यावर ती वेळ बहुतेक कधी आली नव्हती.

'नवखंड' अकरा मिनिटांचा होता. पुढचे एकोणचाळीस तास एकोणपन्नास मिनिटं कुणी खेळलंच नव्हतं, कारण ती नव्हतीच.

ती फाइल घेऊन प्रदर्शनाच्या संचालिका शर्वाणी टिपणीस यांच्याकडे गेली. त्या फोनवर फुलवाल्याशी बोलत होत्या. बोलणं संपवून त्यांनी आलेख बघितला, अगदी लक्ष देऊन.

"बहिर्वेशन आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आलेखावर शेवटच्या बिंदूपुढे रेघ न्यायची असेल तर ती तुटक काढतात. बघणाऱ्याला कळावं म्हणून. इथे तुटक रेघेवर खोटे बिंदू बसवलेत."

"बिंदू बसवले ते चूक. मी त्यांना झापेन. पण बहिर्वेशनाला पोटनियमात परवानगी आहे. बैस ना."

शलाका बसली नाही. "ज्युरीने न खेळलेल्या गेमला आपण 'खेळला' म्हणून बक्षीस देतोय."

"अगं, आपला पुरस्कारच मुळी न आलेल्या गेमला आहे. तो पूर्ण असता तर आला नसता का? पूर्वी दोन मिनिटांची फीत बघून द्यायचे, तेव्हाही हेच होतं. फक्त तेव्हा परीक्षकांना मनातून लाज वाटायची. आता वाटत नाही. एवढाच फरक." टिपणीसबाईंच्या आवाजात तिरकसपणा नव्हता. त्या समजावून सांगत होत्या. "लोकांना गेम नको असतो, शलाका. लोकांना वाट बघायला काहीतरी हवं असतं. आपण वाट बघण्याला बक्षीस देतो."

"मग प्रमाणपत्रावर तसं लिहा."

"सही तुला करायची नसेल तर साक्षांकनातले गोडबोले करतील. खालीच आहेत ते. तुझ्यावर काही जबरदस्ती नाही." त्यांनी पुन्हा फोन उचलला. "सहा वाजता जाहीर करायचंय. पाचपर्यंत ठरव."

ती बाहेर आली तेव्हा तिला एकच माणूस आठवला. यशोधन रेगे. ती शाळेत असताना त्यांनी नव्वद तासांचा एक भिकार गेम शेवटपर्यंत खेळून त्यावर दोन वाक्यांचं परीक्षण लिहिलं होतं: 'मी संपवला. तुम्ही सुरू करू नका.' ते कात्रण तिने वहीत चिकटवलं होतं. एखाद्या गोष्टीबद्दल बोलण्याआधी ती पुरी करायची असते, हे तिला आईवडिलांनी किंवा शिक्षकांनी शिकवलं नव्हतं. त्या दोन वाक्यांनी शिकवलं होतं.

रेगे मार्गिकेत एकटेच उभे होते. तिने आलेख पुढे केला. त्यांनी तो वाचायला वेळ घेतला.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले.

"हो, सर."

"पण मी तो नावाडी बघितलाय."

"तुम्ही तो केलायत, सर. रेघेने तुम्हाला फक्त सांगितलं की आता खूप भरून येतंय. कशाने, ते तुमच्या डोक्याने भरलं. पाळंदेबाईंच्या डोक्याने वेगळं."

रेग्यांनी चष्मा वर सरकवला. "आणि असा एकतरी आहे का, ज्याची रेघ शेवटपर्यंत खरी आहे?"

"एक. 'जवारी'. एकतीस तास, एक्केचाळीस खेळाडू."

"तो रेंगाळणारा? नवव्या तासाला माझा जीव गेला त्यात. सगळ्यात कमी गुण दिलेत मी त्याला." ते थांबले. "म्हणजे मला आठवतंय की जीव गेला."

'जवारी' चांगला होता की नाही हे शलाकाला ठाऊक नव्हतं. तिने तो खेळला नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की त्याच्या आलेखात नवव्या तासाला एक खड्डा होता, एक्केचाळीसपैकी अठरा जणांनी तिथे खेळणं सोडलं होतं, आणि ते अठराही बनवणाऱ्याने लपवले नव्हते. खऱ्या आठवणीत कंटाळा असतो. बनवलेल्या आठवणीत तो कोण घालेल?

"चल," रेगे म्हणाले. "खेळून बघतो."

'जवारी'चा स्टॉल शेवटच्या दालनात, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून होता. एक पडदा, दोन खुर्च्या आणि सरफराज सतारमेकर. तिशीतला, बारीक अंगाचा माणूस. मिरजेत त्याच्या घरात चार पिढ्या सतारी बनवत आल्या होत्या. हा बहिणीला सोबत घेऊन सहा वर्षं गेम बनवत बसला होता. पुरस्कार मिळाला तर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर महिनाभर जागा मिळणार होती. नाहीतर रोज निघणाऱ्या तीनेकशे गेममध्ये 'जवारी' दिवाळीला येणार आणि भाऊबीजेला विसरला जाणार, हे तो स्वतःच हसत सांगे.

"दुधगावकर?" तिचं ओळखपत्र वाचून तो म्हणाला. "म्हणजे आमच्या नदीपलीकडच्याच की तुम्ही. बसा."

"मी नाही. सर खेळणार आहेत."

सरफराजने रेग्यांकडे बघितलं आणि घाईघाईने खुर्ची पुसली. "सर, तुम्ही? खरंच हातानं खेळणार?"

"का, मनाई आहे?"

"मनाई कसली ओ. तीन दिवसांत पहिलेच तुम्ही. बाकीचे येतात, ठसा मागतात."

रेग्यांनी खेळायला घेतलं तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शलाकाने सवयीने घड्याळ बघितलं. गेममध्ये एक गाव होतं, आणि गावातलं प्रत्येक दार एका विशिष्ट नादानेच उघडे. खेळणाऱ्याच्या हातात एक तंतुवाद्य होतं. तारेखालची हाडाची घोडी घासून घासून योग्य झंकार आणायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. जास्त घासली की नाद बसतो आणि नव्या घोडीपासून सुरुवात करावी लागते. मदतीला बाण नाही, गुण नाहीत, आकडे नाहीत. फक्त कान.

पहिलं दार रेग्यांनी आठ मिनिटांत उघडलं आणि ते मोकळेपणाने हसले. दुसऱ्याला त्यांनी घोडी जास्त घासली. पुन्हा घेतली. पुन्हा जास्त घासली.

"सर, घाई होतीया," सरफराज हळूच म्हणाला. "तार सोडा आणि थांबा जरा. ती काय म्हणते ऐका."

"माहितीये मला. हे दार उघडलं की विहीर लागते."

"होय, लागते की. पण अजून दार उघडलं नाही नव्हं?"

रेग्यांच्या पायाला आता चाळा लागला होता. ते पडद्याकडे न बघता पडद्याच्या कडेला बघत होते, बसची वाट बघणारा माणूस रस्त्याच्या वळणाकडे बघतो तसे. त्यांच्या कपाळावर घाम आला. शलाकाला वाटलं, यांना गेम अवघड जात नाहीये. यांना 'अजून झालं नाही' हेच सोसत नाहीये. सात मिनिटांत पोट भरायची सवय लागलेल्या माणसासमोर कुणी दाणे आणि जातं ठेवावं, तसं झालं होतं.

तीन पन्नासला रेग्यांनी हातातला कंट्रोलर टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला.

"हा कसा संपतो ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर," सरफराज म्हणाला. "संपवला नाही तुम्ही."

रेगे उठून बाहेर निघाले आणि शलाका त्यांच्यामागून गेली. दालनाच्या दाराशी ते थांबले.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "या चार वर्षांत मी दोनशेच्या वर परीक्षणं लिहिली. त्यातले किती गेम मी खेळलो आणि कितींचे ठसे घेतले, मला सांगता येत नाही. नोंदी चाळल्या तर कळेल. पण आतून कळत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं. मला तेही नाही."

"सर, तुमचं मत तुम्ही बदलू शकता. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

"मत राहू दे."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या नावाड्यावर माझं प्रेम आहे, शलाका. तो नाहीये हे कळल्यावरही आहे. आणि या पोरावर नाही. काय करू? मत म्हणजे तेच ना?" ते तिच्याकडे न बघता निघून गेले. त्यांच्या कपाळावर लेपाचा वाळलेला पापुद्रा अजून चिकटलेला होता. ज्या माणसाचं कात्रण तिने वहीत चिकटवलं होतं, त्याची तिला तेव्हा किळस आली, आणि ती आल्याबद्दल स्वतःचीही.

पाचला पाच मिनिटं असताना प्रमाणपत्र तिच्यासमोर आलं. ओळ आधीच छापलेली होती. शलाकाने ती एका सरळ रेघेने खोडली आणि वर आपल्या हाताने लिहिलं: 'प्रत्यक्ष मापन: ११ मिनिटे. पुढील ३९ तास ४९ मिनिटे कोणीही खेळलेली नाहीत.' खाली सही केली. गोडबोल्यांची सही खोट्यावर बसेल, त्यापेक्षा आपली खऱ्यावर बसावी. एवढं लिहिलेला कागद कुणी मंचावर नेणार नाही, अशी तिची खात्री होती.

टिपणीसबाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

"छान," त्या म्हणाल्या. "हे वापरता येईल."

सहा वाजता मुख्य दालनात आठ-दहा हजार माणसं उभी होती. निवेदकाने 'नवखंड'चं नाव घेतलं आणि पाठीमागच्या पडद्यावर प्रमाणपत्र उमटलं. खोडलेल्या ओळीसकट, शलाकाच्या अक्षरासकट. "अकरा मिनिटं," निवेदक म्हणाला, आणि मुद्दाम थांबला. "फक्त अकरा मिनिटांच्या गेमने जगातल्या पाच जाणकार परीक्षकांना चाळीस तासांचा अनुभव दिला. आणि हे आम्ही नाही म्हणत. हे आमच्या साक्षांककांनी सहीनिशी लिहून दिलंय."

टाळ्यांनी छत थरारलं. शलाकाची सही दोन पुरुष उंचीची झाली होती. 'दुधगावकर'मधला 'ध' तिला इतका मोठा कधी दिसला नव्हता. लोक मोबाइल वर धरून त्याचे फोटो काढत होते.

मग 'महाशंख'चे प्रमुख मंचावर आले. त्यांनी सांगितलं की लोकांना आणखी ताटकळत ठेवणं कंपनीला पटत नाही. म्हणून 'नवखंड'चा ठसा आजपासून सर्वांसाठी खुला आहे, बाहेरच्या मंडपात, या क्षणापासून. गेमही यथावकाश येईल. 'यथावकाश' या शब्दाला कुणी हसलंदेखील नाही. माणसं मंडपाकडे वळली होती.

शलाका गर्दीतून वाट काढत बाहेर पडली तेव्हा पहिली तुकडी ठसा घेऊन मंडपातून बाहेर येत होती. चाळिशीची एक बाई डोळे टिपत तिच्यासमोर आली. शलाकाने विचारलं, "कसा होता?"

"काय सांगू. चाळीस तास कुठे गेले कळलंच नाही."

"गेम आला की खेळणार?"

बाईने तिच्याकडे नीट बघितलं, वेड्या माणसाकडे बघतात तसं. "आता कशाला? झाला की."

सरफराज स्टॉलवरचा पडदा गुंडाळत होता. शलाका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही लिहिलं ते खरंच होतं की, मॅडम," तोच म्हणाला. "त्यांनी त्याचा हार केला, त्याला तुम्ही काय करणार?"

"तुमच्या बाजूने काही झालं नाही."

"ते सर चाळीस मिनिटं बसले. बसले की नाही?" त्याने पडद्याची दोरी आवळली. "नवव्या तासाचं मात्र मी बदलणार नाही. बहीण म्हणते बदल. तिथं माणूस कंटाळतो, खरं आहे. पण तिथंच त्याला पहिल्यांदा ऐकायला येतं. जे तेवीस जण थांबले, त्यांना आलं."

वाहनतळावर अजून उजेड होता. शलाकाने स्कूटर काढली तेव्हा यशोधन रेगे आपल्या गाडीला टेकून उभे दिसले. तिला टाळून जायचं होतं, पण त्यांनी हात वर केला. जवळ गेल्यावर दिसलं की ते उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने चेपत आहेत.

"एक विचारू का? हसू नकोस."

"विचारा, सर."

"आज दुपारी मी त्या मिरजेच्या पोराच्या स्टॉलवर बसलो होतो ना? प्रत्यक्ष?"

शलाकाने त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

"मला आठवतंय," ते म्हणाले. "एक दार उघडलं, दुसरं उघडलं नाही. घाम आला. पण ठशातही घाम आठवतोच. अंगठा दुखतोय, पण तो सकाळीही दुखत होता. तुझ्यासमोर उठलो तेव्हा मला खात्री होती. आता दोन-तीन तास झाले आणि खात्री नाही."

"बसला होतात, सर. तीन दहा ते तीन पन्नास. मी मोजलं."

"नक्की?"

"मी ठसा कधी घेतलेला नाही. नक्की."

रेग्यांनी मान हलवली, पण चेहरा मोकळा झाला नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कोरा कागद काढला आणि गाडीच्या बॉनेटवर पसरला.

"लिहून देशील? तारीख, वेळ, आणि तुझी सही. उद्या सकाळी मला परत शंका येईल. माझ्याजवळ काहीतरी असावं."

शलाकाने पेन काढलं. दालनाच्या दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अजून तिचीच सही झळकत होती, आणि मंडपातली रांग त्या सहीखालून वळसा घेऊन फाटकापर्यंत आली होती. तिने कागदावर तारीख लिहिली, 'तीन दहा ते तीन पन्नास' लिहिलं आणि तिचा हात थांबला. उद्या सकाळी हा कागद उघडून बघितल्यावर या माणसाला नेमकं काय कळणार होतं: तो खेळला होता हे, की शलाका दुधगावकरने सही केली होती एवढंच?